एकाच साच्यातली चोवीस चिलखते : एका ऑनलाइन गेमच्या चिलखत-आरेखनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातला स्टुडिओ पुण्यातला असून दुसऱ्यांच्या गेमसाठी पात्रे, शस्त्रे आणि चिलखते घडवून देणे हा त्याचा मुख्य व्यवसाय आहे. ग्राहक कंपनी युरोपातली होती. तिचा ऑनलाइन फँटसी गेम काही वर्षे चालू होता आणि त्याच्या नव्या विस्तारासाठी तिला चिलखतांचे नवे संच हवे होते. स्टुडिओचे, कंपनीचे आणि गेमचे नाव येथे दिलेले नाही, आणि ज्यांवरून ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. चिलखतांचे काम करणाऱ्या चमूचा मी प्रमुख होतो, त्यामुळे पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांतल्या बऱ्याचशा माझ्या आहेत.

अशा गेममध्ये खेळाडूचे पात्र डोके, खांदे, छाती, हात, पाय आणि पावले अशा वेगवेगळ्या स्लॉटमध्ये चिलखताचे भाग चढवते, आणि प्रत्येक भाग वेगळा मिळतो. कोणतेही शिरस्त्राण कोणत्याही छातीपत्र्यावर बसले पाहिजे, ही त्यामुळे पहिली अट ठरते. संग्रहालयातले चिलखत बहुधा एका माणसाच्या मापावर ठोकलेले असते. आमचे चिलखत मात्र शेकडो इतर भागांशी जुळवून घेणारे असावे लागते, आणि या एका फरकातून पुढच्या अर्ध्या अडचणी उभ्या राहतात.

या क्षेत्रात वैविध्य दाखवण्याची जुनी आणि स्वस्त रीत रंग बदलण्याची आहे. ‘रूनस्केप’ या गेममध्ये कांस्यापासून वर चढत जाणाऱ्या धातूंची चिलखते प्रदीर्घ काळ जवळपास एकाच आकाराची होती आणि धातू ओळखायचा तो रंगावरून. दुसरी रीत आकार फुगवण्याची. 2004 साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने खांद्यांवरची चिलखते इतकी मोठी केली की, ती त्या गेमची ओळखच बनली. त्याच गेमने 2011 मध्ये एका चिलखताचे गुण ठेवून दुसऱ्याचे रूप चढवण्याची सोय दिली. तेव्हापासून चिलखताचे रूप ही खेळाडूंच्या दृष्टीने स्वतंत्रपणे मिळवण्याची वस्तू झाली, आणि आमच्या ग्राहक कंपनीच्या उत्पन्नाचा एक भागही अशा रूपांच्या विक्रीवर उभा होता.

समस्या

आमच्याकडे आलेल्या यादीत जड चिलखतांचे 24 जुने संच होते. ते एकामागून एक उघडून पाहिल्यावर लक्षात आले की, त्यांच्यामागे प्रत्यक्षात 5 मॉडेल्स, म्हणजे संगणकावर घडवलेले त्रिमितीय आकार, आहेत; बाकी सारा रंगांचा, नक्षीचा आणि खांद्यावरच्या शिंगांचा फेरफार. खेळाडूंच्या तक्रारींचा जो सारांश कंपनीने आम्हाला दिला, त्यातली पहिली तक्रार हीच होती.

दुसरी तक्रार खोटेपणाची होती. पात्राने तलवार डोक्यावर उचलली की खांद्यावरचा पत्रा सरळ गालात घुसत असे. छातीच्या पत्र्याला कुठे बिजागरी नाही, कुठे पट्टा नाही, म्हणजे तो माणूस आत शिरला कसा, हा प्रश्न पडे. तिसरी तक्रार सर्वांत तीव्र होती आणि ती रास्त होती. एकाच नावाचा आणि एकाच संरक्षण-अंकाचा छातीपत्रा पुरुष-पात्रावर गळ्यापासून कमरेपर्यंत झाकत असे, तर स्त्री-पात्रावर चढताच त्याचे पोट उघडे पडे.

कंपनीची मागणी एका वाक्यात होती: वैविध्य वाढवा आणि वास्तवाच्या जवळ न्या. मात्र प्रत्येक भागाची त्रिकोणसंख्या (त्याचा आकार ज्या छोट्या त्रिकोणांनी बनतो त्यांची संख्या) आणि टेक्स्चरसाठी, म्हणजे त्या आकारावर चढवायच्या चित्रासाठी, मिळणारी जागा पूर्वीइतकीच राहणार होती. आमच्या चमूतल्या बहुतेकांना या मागणीची दोन टोके एकमेकांना छेद देणारी वाटली, कारण वास्तवाकडे जायचे म्हणजे कल्पनेला कात्री लावायची असे आम्ही सारे गृहीत धरून बसलो होतो.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय जुन्या 5 मॉडेल्सवर अधिक चांगली नक्षी चढवण्याचा होता. वेळ आणि पैसा दोन्ही वाचले असते. तक्रारी जशाच्या तशा राहिल्या असत्या, म्हणून तो दोन दिवसांत बाजूला पडला.

दुसरा पर्याय संग्रहालयांच्या आधाराने अस्सल चिलखते उभी करण्याचा होता, आणि मी स्वतः काही आठवडे त्याच्या पूर्ण प्रेमात होतो. पंधराव्या शतकातले मिलानचे गुळगुळीत, गोलसर पत्रे आणि त्याच काळातले जर्मन भागातले कंगोरे आणि पन्हळी घातलेले, टोकदार पत्रे यांच्यातला फरक एकदा डोळ्यांत बसला की, माणूस पुन्हा शिंगे काढायला तयार होत नाही. रणांगणावरचे संपूर्ण पत्र्याचे चिलखत साधारण 15 ते 25 किलो भरते आणि ते वजन सर्व अंगावर वाटले जाते; ते घातलेला माणूस धावू शकतो, पडला तर उठू शकतो. चिलखतधाऱ्याला घोड्यावर चढवायला यारी लागे ही समजूत खोटी आहे, हे चमूला पटवण्यात माझा एक संपूर्ण दिवस गेला.

याच टप्प्यावर आम्ही एक साधी चाचणी केली, आणि ती आमच्या कामातली सर्वांत उपयोगी ठरली. मिलानी आणि जर्मन पद्धतीची दोन कच्ची मॉडेल्स आम्ही गेमच्या कॅमेऱ्यातून, म्हणजे पात्राच्या मागून आणि थोडे वरून पाहिली. पडद्यावर पात्राची उंची बोटाएवढी होती. मी ज्या फरकावर इतका भाळलो होतो तो त्या अंतरावरून शून्य झाला आणि दोन करडी माणसे शेजारी उभी दिसली. अभ्यासकाला जे वैविध्य दिसते ते खेळाडूला दिसेलच असे नाही, हे त्या दिवशी मान्य करावे लागले.

तिसरा पर्याय आमच्या कॉन्सेप्ट आर्टिस्टने, म्हणजे मॉडेल घडवण्याआधीची कल्पनाचित्रे काढणारीने, मांडला. गेमच्या जगात चार प्रांत होते. प्रत्येक प्रांताच्या चिलखताने चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत: ते कशाचे केले आहे, कोणत्या शस्त्राच्या घावासाठी केले आहे, कोणी घडवले आहे, आणि त्याचे पैसे कोणी दिले आहेत. बाणांच्या मुलखातले चिलखत आणि गदांच्या मुलखातले चिलखत एकसारखे असूच शकत नाही. चिखलात पायी लढणारा शिपाई पायांवर पत्रे चढवणार नाही. घोडेस्वार चढवील, कारण घोड्यावरच्या माणसाच्या मांड्या आणि गुडघेच खालच्या शत्रूच्या टप्प्यात येतात. उत्तरे बदलली की आकार आपोआप बदलतो, आणि तो बदल लांबूनही दिसतो.

यावर एका मॉडेलरने विचारले की, ज्या जगात ड्रॅगन आग ओकतो तिथे पत्र्याचे चिलखत घालणे म्हणजे स्वतःला भट्टीत कोंडून घेणे नव्हे काय. प्रश्न थट्टेचा असला तरी योग्य होता. त्यावर जे ठरले ते असे: शत्रू कल्पनेतला असू द्यावा, धातूही कल्पनेतला असू द्यावा, पण चामड्याचा पट्टा चामड्यासारखाच वागला पाहिजे आणि बक्कल कुठे लागते ते दिसले पाहिजे. तिसरा पर्याय या अटीसह स्वीकारला गेला.

पहिला निर्णय : खांदा

खांद्याचा पत्रा गालात घुसण्याचा प्रश्न आमच्या ॲनिमेटरने नेहमीच्या पद्धतीने सोडवायला घेतला होता. दंडाच्या हाडाबरोबर अर्धवट फिरणारे एक साहाय्यक हाड रिगमध्ये, म्हणजे पात्राला हलवणाऱ्या आतल्या सांगाड्यात, घालायचे आणि पत्रा त्याला जोडायचा. पत्रा एकसंध असल्यामुळे तो गालातून निघून पाठीत घुसू लागला.

उत्तर जुन्या लोहारांकडे तयार होते, कारण हीच अडचण त्यांना खऱ्या माणसाच्या खांद्यावर आली होती. खऱ्या चिलखतात खांद्यावर एकच पत्रा नसतो. एकमेकांवर चढणाऱ्या अरुंद पट्ट्या असतात, त्या आतून चामड्याच्या वाद्यांनी आणि सरकत्या रिव्हेटांनी जोडलेल्या असतात, आणि हात वर गेला की त्या एकमेकींखाली सरकतात. आम्ही खांद्याचे चार पट्ट्यांत भाग केले आणि प्रत्येक पट्टीला दंडाच्या फिरण्याचा थोडा थोडा हिस्सा दिला. घुसण्याचा प्रश्न जवळपास संपला. ॲनिमेटरने त्यानंतर कोपर आणि गुडघ्याच्या पत्र्यांची छायाचित्रे स्वतःहून मागून घेतली.

मात्र खांद्यातूनच एक महागडा वाद उभा राहिला. मिलानी चिलखतांत डावा खांदा मोठा आणि उजवा खांदा काखेपाशी कापलेला असतो, कारण उजव्या काखेत भाला धरायचा असतो आणि घाव बहुधा डाव्या अंगावर येतात. ही असमानता लांबून चटकन दिसते, म्हणून ती मला हवी होती. पण गेमच्या मॉडेलचे डावे आणि उजवे अंग सारखे असेल तर एकाच अर्ध्या भागाचे टेक्स्चर उलटून दोन्हीकडे वापरता येते. अंगे वेगळी झाली की तितक्याच जागेत दुप्पट पृष्ठभाग बसवावा लागतो आणि सगळेच धूसर होते. शेवटी घोडेस्वार प्रांताच्या एका संचात असमान खांदे ठेवले आणि बाकी ठिकाणी सोडून दिले. तो एक संच पुढे सर्वांत अधिक वाखाणला गेला, आणि सोडून दिलेल्या ठिकाणांची मला आजही चुटपुट आहे.

दुसरा निर्णय : दर्जा कसा दाखवायचा

खेळाडूची पातळी चढत जाते तसे त्याचे चिलखत भारी दिसले पाहिजे, ही या प्रकारच्या गेमची गरज आहे आणि ती नाकारून चालत नाही. जुन्या संचांत पातळी चढली की शिंगे वाढत. त्याऐवजी काय वाढवायचे, याचे उत्तर चौथ्या प्रश्नात, म्हणजे पैसे कोणी दिले यात, सापडले.

युरोपात साध्या शिपायासाठी घाऊक बनवलेली चिलखते मोठ्या संख्येने असत. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहराच्या जुन्या शस्त्रागारात अशा वस्तू आजही हजारोंनी रांगेने लावलेल्या आहेत. हे पत्रे घासूनपुसून चकचकीत केलेले नसत. हातोड्याखालून आले तसे खडबडीत ठेवून गंज लागू नये म्हणून अनेकदा काळे रंगवत. त्यावरून आमची शिडी ठरली. तळाच्या पातळीला गोधडीसारखा जाड शिवलेला अंगरखा आणि लोखंडी टोप. मग कड्यांचे जाळीदार चिलखत. मग काळा खडबडीत छातीपत्रा. मग हात आणि मांड्या झाकणारे पत्रे. आणि सर्वांत वर मापात ठोकलेले, घासलेले, संपूर्ण अंग झाकणारे चिलखत. वाढ आकारात न दाखवता अंग किती झाकले आहे आणि घडाई किती सफाईची आहे यातून दाखवायची, असे ठरले.

कागदावर ही शिडी निर्दोष होती. प्रत्यक्षात तिच्या दोन पायऱ्या डुगडुगल्या. शिवलेला अंगरखा खेळाडूंना रजई वाटला. खऱ्या लढाईत असा अंगरखा किती घाव अडवतो हे त्यांना सांगण्याची सोय चित्रात नव्हती. कड्यांच्या चिलखतात अडचण तांत्रिक होती. हजारो बारीक कड्यांचा नमुना लांबून पाहिला की पडद्याच्या ठिपक्यांत मावत नाही आणि चालताना तो मुंग्या चालल्यासारखा चमचमतो. कड्या खऱ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या कराव्या लागल्या, आणि लांबून नुसता करडा, किंचित खरखरीत पोत दिसेल अशी दुसरी आवृत्ती ठेवावी लागली. येथे वास्तवाशी केलेली तडजोड मला योग्य वाटते.

तिसरा निर्णय : पूर्वेकडचा प्रांत

चारांपैकी एक प्रांत गेमच्या कथेत पूर्वेकडचा होता. त्यासाठी कंपनीकडून आलेल्या संदर्भचित्रांत वाळवंट, वक्र तलवारी आणि उघड्या छातीवर आडवे पट्टे एवढाच ऐवज होता. हा संच आम्ही आमच्या जबाबदारीवर बदलावा का, यावर बरीच चर्चा झाली, कारण ग्राहकाने न मागितलेले काम अंगावर घेणे या धंद्यात शहाणपणाचे मानले जात नाही. आम्ही दोन आठवड्यांचा अवधी मागून घेतला आणि चमूतले तिघे पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाऊन बसले. दुसऱ्या ठिकाणी अकबराचे चिलखत आहे.

भारतीय चिलखतांनी आमच्या चार प्रश्नांना अगदी वेगळी उत्तरे दिली. जिरेबख्तरात कड्यांच्या जाळीतच पत्र्यांचे तुकडे गुंफलेले असतात, त्यामुळे ते छातीला टणक आणि कमरेला लवचीक असते. चारआईना म्हणजे छाती, पाठ आणि दोन्ही कुशी झाकणारे चार पत्रे, जाळीवरून पट्ट्यांनी बांधलेले. चिलता हा शिवलेल्या कापडाचा अंगरखा असून त्यावर पितळी खिळ्यांचे डोके ओळीने ठोकलेले असतात. हाताला दस्ताना. (आपण ज्याला जिरेटोप म्हणतो त्यातले ‘जिरे’ हे कड्यांच्या जाळीचे फारसी नाव आहे, हे आमच्यातल्या दोघांना तिथे पहिल्यांदा कळले.)

कंपनीच्या आर्ट डायरेक्टरची शंका अशी होती की, जड चिलखत घालणारा योद्धा कापडात गुंडाळलेला का दिसतो. आमचा युक्तिवाद मराठी घरातल्या कोणत्याही मुलाला सुचला असता. 1659 साली प्रतापगडाखाली अफजलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत घातले होते, आणि ते दिसू नये हाच त्यातला हेतू होता. कापडाखाली लोखंड लपवणारा प्रांत ही कथेच्या दृष्टीनेही कल्पना चांगली आहे, हे त्यांना पटले. अंगरख्याच्या कडेतून आणि बाहीतून जाळी डोकावेल, आणि धावताना घेर उडाला की आतले पत्रे चमकतील, असा संच मंजूर झाला. चिलता मात्र मंजूर होऊनही बाहेर पडला, कारण त्याचे खिळे कड्यांपेक्षाही वाईट चमचमत होते.

या संचाचा एक लाभ आम्ही आधी हेरला नव्हता. खेळाडूला बहुतेक वेळ आपल्या पात्राची पाठच दिसते. युरोपीय चिलखताची सारी ऐट समोरून असते. चारआईन्याची पाठ मात्र तिरकस पट्ट्यांमुळे आणि मधल्या पत्र्यामुळे तितकीच देखणी असते.

चौथा निर्णय : स्त्री-पात्रे

येथे पर्याय तीन होते: जुनी पद्धत चालू ठेवणे, दोन्ही पात्रांना तंतोतंत तेच चिलखत देणे, किंवा झाकण सारखे ठेवून प्रमाणे बदलणे. कंपनीच्या विक्री विभागाला पहिल्याची धास्ती आणि मोह दोन्ही होते.

स्तनांच्या आकाराचा पत्रा का नको, याचे उत्तर आम्ही नीतीऐवजी यांत्रिकीच्या भाषेत दिले. छातीच्या पत्र्याला मधोमध कंगोरा किंवा फुगवटा असतो तो घाव बाजूला घसरावा म्हणून. दोन फुगवट्यांच्या मध्ये खोलगट जागा ठेवली की आत घसरणारा घाव नेमका छातीच्या हाडाकडे वळतो. शिवाय पंधराव्या शतकातला छातीपत्रा मुळातच पुढे फुगीर आणि कमरेला आवळलेला आहे, त्यात स्त्रीचे शरीर सहज मावते. 1429 मध्ये जोन ऑफ आर्क या फ्रेंच स्त्री-योद्ध्यासाठी तूर शहरात संपूर्ण चिलखत करवून घेतले गेले आणि त्यापोटी 100 लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) दिल्याची नोंद आहे. हा दाखलाही बैठकीत उपयोगी पडला.

मुदत जवळ आली होती, त्यामुळे आम्ही दुसरा पर्याय घेतला आणि पुरुषाचे मॉडेल स्त्रीच्या रिगवर आकसून बसवले. विक्री विभागासाठी तोकडी पोशाखी रूपे वेगळी ठेवली गेली, आणि ती स्त्री-पुरुष दोन्ही पात्रांना चढवता येतील अशी अट आम्ही घातली.

परिणाम

तीन प्रांतांचे संच विस्तारासोबत आले आणि चौथा काही महिन्यांनी. जड चिलखते एकसारखी दिसतात ही तक्रार कंपनीने दिलेल्या पुढच्या सारांशात उरली नव्हती. खांद्यांबद्दल कौतुक आले. पूर्वेकडच्या प्रांताचे रूप युरोपीय धर्तीच्या इतर प्रांतांच्या खेळाडूंनीही मागितले, आणि कंपनीने ते सर्वांना खुले केले.

नाराजीही होती. दीर्घकाळ खेळून सर्वोच्च पातळी गाठलेल्या काही खेळाडूंना घासलेले, सफाईदार चिलखत पुरेसे बक्षीस वाटले नाही. त्यांना दुरून ओळखू येणारे काहीतरी हवे होते, आणि शेवटी वरच्या पातळीला तुरे आणि निशाणे द्यावी लागली. स्त्री-पात्रे वापरणाऱ्यांनी झाकलेल्या पोटाचे स्वागत केले, पण आपले पात्र लहान केलेल्या पुरुषासारखे दिसते असेही सांगितले, आणि ते खरे होते. सर्वांत बोचरी गोष्ट शिरस्त्राणांची. डोक्याचे रक्षण आधी, या ऐतिहासिक न्यायाने आम्ही सर्वाधिक तास शिरस्त्राणांवर घातले होते. खेळाडू मात्र आपल्या पात्राचा चेहरा दिसावा म्हणून शिरस्त्राण लपवण्याचा पर्याय सर्रास चालू ठेवतात.

वेगळे काय करता आले असते

कॅमेऱ्याची चाचणी पहिल्या दिवशी व्हायला हवी होती. माझ्या संग्रहालय-प्रेमात गेलेले आठवडे अभ्यास म्हणून वाया गेले नाहीत, पण वेळापत्रकात ते महाग पडले. ॲनिमेटरला कॉन्सेप्टच्या टप्प्यावर बोलावले असते, तर खांद्याच्या पट्ट्या आणखी दोन प्रांतांत आधीच आल्या असत्या. आम्ही त्याला मॉडेल तयार झाल्यावर बोलावले, कारण कंत्राटात त्याचे तास त्या टप्प्यावर मोजले होते.

स्त्री-पात्रांसाठी तिसरा पर्याय घ्यायला हवा होता, आणि त्यासाठी एखादे शिरस्त्राण कमी केले असते तर तास निघाले असते. कमरेची रेषा वर घेणे, मांडीवरचे पत्रे नितंबांच्या रुंदीप्रमाणे अधिक फाकवणे, खांद्याच्या पट्ट्या अरुंद करणे आणि गळपट्टीचा घेर कमी करणे, एवढ्यावर काम भागले असते. पुढच्या कामात आम्ही स्त्रीचे मॉडेल आधी घडवले आणि पुरुषाचे त्यावरून काढले. क्रम उलटल्यावर आकसलेपणा गेला.

शिडीच्या तळाबद्दल चमूत अजून एकमत नाही. माझे मत असे की, शिवलेल्या अंगरख्यावर जुन्या घावांच्या शिवणी, बाहेर आलेला कापूस आणि काखेतली चामड्याची ठिगळे दाखवली असती तर तो रजई वाटला नसता. कॉन्सेप्ट आर्टिस्टचे म्हणणे वेगळे आहे. नव्या खेळाडूच्या अंगावर पहिल्या तासात लोखंडाचा निदान एक तुकडा असलाच पाहिजे, मग इतिहास काहीही सांगो, असे ती म्हणते. आणि तिने त्या अंगरख्यावर नुसती एक गळपट्टी चढवून केलेले चित्र पाहिल्यावर माझ्याजवळ तिला द्यायला फारसे उत्तर उरलेले नाही.